माणिककाकांची चार बोटं

पाथरीत आमच्या गल्लीत कधी आलात तर कुठल्याही घराच्या स्वयंपाकघराचं दार बघा. ते खालून चार बोटं तोकडं आहे. यात सुताराची काही चूक नाही. ती करवत माणिककाकांची.

माणिककाका आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. सगळी नोकरी येलदरीच्या वीजघरात झालेली. रिटायर होऊन पाथरीला आले आणि वर्षभरात काकू गेल्या. एकुलती एक लेक कुसुम, ती सोनपेठला दिलेली. म्हणजे घरात एकटे काका आणि दिवसभर हाताला काम नाही. ते काम त्यांना गॅसनं दिलं.

त्या काळी गॅसचा नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं वाट बघायची. आमचा नंबर लागला आणि परभणीहून जीपच्या टपावर बसून लाल टाकी आली, तेव्हा आमच्या सुलभानं तिला हळदकुंकू वाहिलं. पाठोपाठ काका आले. हातात करवत.

"दार काढा मास्तर."

"का हो काका?"

"गॅस धुरावानी वर जात न्हाई. पाण्यावानी खाली बसतो. त्याला भाईर जायला वाट नको का? चार बोटं लय झाली."

मी 'बसा, चहा घ्या' म्हणेपर्यंत दार बिजागरीतून निघालं होतं. चहा झाला तेव्हा ते कापूनही झालं होतं. मग ज्या ज्या घरी टाकी आली तिथं तिथं काका करवत घेऊन पोचले. गल्लीतल्या मांजरांना त्या दिवसापासून सुगीचे दिवस आले. आमच्या घरी लोण्याचं भांडं दोनदा रिकामं झालं, तेव्हा सुलभा काकांच्या नावानं जे बोलली ते मी इथं लिहीत नाही.

नमस्कार करणं काकांनी सोडूनच दिलं होतं. कुणी समोर आलं की उजव्या हाताची चार बोटं आडवी धरून दाखवायची. म्हणजे खालची वाट मोकळी आहे ना? आपणही मान हलवायची. शाळेतली पोरं त्यांना चारबोटे म्हणत. एका लग्नात वधूपिता हात जोडून 'जेवून जा' म्हणत होता. काकांनी त्याला विचारलं, "आचाऱ्याची टाकी उभी हाय का आडवी?" आणि आडवी आहे म्हटल्यावर स्वतः जाऊन ती उभी केली, तेव्हा कुठे पंगतीला बसले.

पण खरा छळ त्यांच्या प्रश्नाचा. सकाळी एकदा, दिवेलागणीला एकदा, काका प्रत्येक स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी हात मागं बांधून उभे राहत. रबरी नळीवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघत. आणि मग विचारत, "वास यायलाय का?"

"नाही काका."

"नीट घ्या."

सुलभा पदराला हात पुसून पुन्हा जोरात श्वास घेई. "नाही हो काका."

"ठीक हाय." मग पुढचं घर.

मी मास्तर. उत्तर माहीत असताना प्रश्न विचारणं हीच माझी रोजीरोटी. त्यामुळे काका आमची परीक्षा घेतात, याबद्दल मला शंका नव्हती. त्यांचं नाक सगळ्या गल्लीत तिखट, असं आम्ही सगळेच मानत होतो. त्यांनी 'ठीक हाय' म्हटलं की बाया निर्धास्त काडी ओढत.

आणि इतका सगळा उपद्व्याप करणाऱ्या या माणसाच्या घरात गॅस पेटलेला नव्हता. टाकी आली होती, शेगडी आली होती. दोन्ही कोपऱ्यात जुन्या धोतराखाली झाकून ठेवलेली. काका ओसरीवर, उघड्या हवेत, रॉकेलच्या स्टोवर भाकरी थापत. विचारलं की म्हणत, "लावू की. बघू."

त्या हिवाळ्यात कुसुमला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही तिची हौस. पण सासूचं म्हणणं, तिथं बाईमाणूस नाही, बाप स्टोवर काय काय करणार? कुसुमचं पत्र आलं ते काकांनी चष्मा नाही म्हणून माझ्याकडून वाचून घेतलं. चष्मा खिशात होता. 'अण्णा, गॅस लावला का? लावला असंल तर आत्याबाई पाठवते म्हणायल्यात. मला आईच्या खोलीत यायचं हाय.' काकांनी पत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"मग लावा की आता," मी म्हटलं.

"लावू. बघू."

सुलभानं हे ऐकलं आणि तिचं डोकं फिरलं. "सगळ्या गावाची दारं कापत हिंडतात आणि पोटच्या पोरीसाठी एक शेगडी पेटवता येईना?" हे तिनं मला सांगितलं, पण आवाज भिंतीपलीकडे जाईल एवढा. मलाही ते पटलं होतं. आज लाज वाटते.

माघात एका सकाळी काका गल्लीतून हाकारे देत निघाले. रेडिओनं वादळाचं सांगितलं होतं आणि त्यांच्या मते वाराही बरोबर नव्हता. "आज गारा हायत. गच्चीवरची जवारी उतरवा. पत्र्यावर दगडं ठेवा. कंदिलात तेल भरा. भाईर निघायचं तर डोक्यावर घमेलं घ्या. आन् समदी खिडक्या-दारं लावून बसाल, तवा टाकीचं बटण आधी बंद. चार बोटं मोकळी ठेवा. थंडी वाजली तर वाजू द्या."

ऊन स्वच्छ होतं. आम्ही हसलो.

दुपार कलली तसं आभाळ काळंनिळं झालं. वारा असा सुटला की त्या चार बोटांतून स्वयंपाकघरात धूळ आणि गारठा भसाभस शिरू लागला. सुलभानं शेगडीवर दूध ठेवलं होतं. ज्योत विझेल म्हणून तिनं खिडकी लावली आणि काकांची वाट गोणपाट कोंबून बंद करून टाकली. तेवढ्यात टपोरे थेंब आले. गच्चीवर जवारी तशीच होती. आम्ही दोघं वर पळालो. दूध खाली एकटं राहिलं.

जवारी भरता भरता गारा सुरू झाल्या. वीज गेली. डोक्यावर घमेली धरून आम्ही जिन्यानं खाली उतरलो, तर माणिककाका आमच्या माजघरात. त्यांच्याही डोक्यावर घमेलं, त्यावर गारांचे ठोके खाऊन आलेले. ते स्वयंपाकघराच्या दाराशी गुडघे टेकून बसले होते, पेटता कंदील शेजारी जमिनीवर, आणि तोंडानं बडबड चालू.

"गोणपाट कोंबलंय. सांगून सांगून जीव गेला, आन् गोणपाट." त्यांनी ते ओढलं. अर्धं बाहेर आलं.

सुलभा पायरीवरच थांबली. "काका," ती म्हणाली, "वास."

"काय?"

"लय वास यायलाय. कंदील."

काका वळून बघत राहिले. त्यांना कळेचना. तोवर तो वास माझ्याही नाकात शिरला होता. मी घमेलं टाकलं, कंदील उचलला आणि पळत अंगणात गेलो. पहिल्याच गारेनं काच फुटली आणि तो विझला. गारा खात मी परत माजघरात आलो.

दूध उतू जाऊन ज्योत विझली होती आणि बटण चालूच होतं.

एकदा कळल्यावर मात्र काका वीजघरातले झाले. "मास्तर, ओसरीवरला मेन पाडा. वीज कवाबी येईल. सूनबाई, नाकाला पदर. मागचं दार उघडा. मी टाकी बंद करतो." ते आत गेले, रेग्युलेटर फिरवला, खिडकी उघडली आणि हातात गोणपाट घेऊन बाहेर आले. मग आम्ही तिघं ओसरीवर बसलो. अंगण गारांनी पांढरं झालं होतं.

काकांनी विचारलं, "वास यायलाय का अजून?"

सुलभा सवयीनं श्वास घ्यायला गेली आणि मधेच थांबली. तिनं त्यांच्याकडे बघितलं. "काका, तुम्हाला येत नाही?"

काकांनी गोणपाटाची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

"ही जायच्या आधी मला ताप आला होता, मोठा. तवापासून न्हाई. ही होती तवर काय तकलीफ न्हवती. दूध लागलं, ही सांगायची. शर्ट धुवायला टाका, ही सांगायची. मग..." ते थांबले. "नाक न्हाई म्हणलं तर तुमी मला चुलीपाशी येऊ दिलं असतं का? म्हणून इचारत हिंडायचो. आन् कुसुमला गॅसवर शिजवून घालायचं म्हणताव. ती लेकरू घिऊन आतल्या खोलीत निजलेली. मी शेगडीपाशी. मला कळलंच न्हाई तर?"

म्हणजे तो प्रश्न परीक्षेचा नव्हताच. इतकी वर्षं ते आम्हाला खरंच विचारत होते. आणि मी, उत्तरं तपासणारा मास्तर, त्यांना मनात हसत होतो. मला तिथं बसवेना.

सुलभा आत गेली. चहा करील असं वाटलं, पण ती साबणाच्या पाण्याची वाटी घेऊन आली. "उठा काका. तुमची नळी बघू."

पाऊस थांबताच तिनं ते धोतर ओढलं, टाकी जोडली, बुडबुडे बघितले. आणि गल्लीतल्या बायांना बोलावून पाळ्या लावल्या. सकाळी सुलभा, दुपारी समोरच्या निर्मलावहिनी, दिवेलागणीला कोपऱ्यावरच्या शांताआत्या. वेळेवर जायचं, काकांच्या उंबऱ्याशी उभं राहायचं, वास घ्यायचा आणि सांगायचं. कुसुमला पत्र मी लिहिलं. गॅस लावला, एवढंच. बाकीचं काकांनी सांगू दिलं नाही.

कुसुम फाल्गुनात आली. चैत्रात मुलगा झाला. पाळीची बाई आली की काका आता स्वतः चार बोटं दाखवून तिला आत घेत. बाई 'नाही काका' म्हणाली, की ते म्हणत, "नीट घ्या."

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी सुलभाची पाळी. मीही सोबत होतो. तिनं शेगडी बघितली, नळी बघितली. "काही नाही काका."

"ठीक हाय," काका म्हणाले, पण उंबऱ्यातून हलले नाहीत. आतल्या खोलीत कुसुम डोळा लागून पडली होती. काका हळूच आत गेले, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन आले आणि सुलभाच्या पुढं धरलं.

"सूनबाई," ते अगदी हळू म्हणाले, "ह्याचा वास कसा यायलाय?"

सुलभानं बाळाच्या टाळूला नाक लावलं. नीट, दोनदा, वास घेतला.

"दुधाचा, काका. थोडा वेखंडाचा. आणि उन्हात वाळवलेल्या धुण्याचा."

काकांनी मान डोलावली. मग त्यांनीही टाळूवर नाक टेकलं, डोळे मिटले आणि तसेच उभे राहिले.