हिरामणनानांचे दोन्ही कान

हिरामणनानांचा हात कानापासून फार लांब कधी जात नाही. देऊळ दिसलं, कानाला हात. आईचं नाव निघालं, कानाला हात. कुणी सहज म्हणालं, "यंदा ऊन फार आहे हो," तरी "अरे देवा!" म्हणत कानाला हात. तोही एकदा नाही. उजव्याला दोनदा, डाव्याला दोनदा, टक-टक, टक-टक. डिंडोलीच्या आमच्या सोसायटीत ते माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. इतक्या वर्षांत त्यांची ही सवय मला दिसेनाशीच झाली होती.

आणि अशा माणसाने बोट लावून चालवायचे हेडफोन विकत घेतले!

घेतले त्या संध्याकाळी नाना चपला न घालताच माझ्या दारात. "ताई, बाहेर या! बटणच नाही याला! हात लावला की काम झालं!" बोट वर सरकवलं की आवाज मोठा. उजव्या कानावर दोनदा टकटक केलं की पुढचं गाणं; फोन आला की त्याच टकटकीने उचलायचा, पुन्हा दोनदा केलं की ठेवायचा. "आणि बाहेरचा आवाज गुल! कुकर वाजू दे, कुत्रं भुंकू दे. एक नंबर!" त्यांनी ते माझ्या डोक्यावर चढवले आणि खरंच, समोरच्या रस्त्यावरच्या रिक्षा मुक्या झाल्या. मी शाळेतली बाई असून चक्क टाळ्या वाजवल्या.

नाना पर्वत पाटियाजवळच्या एका एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात सुपरवायझर. दिवसभर मशीनचा खडखडाट, म्हणून संध्याकाळी शांतता हवी, असं त्यांचं म्हणणं. खरं तर बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. त्या घरात बंद करण्यासारखा आवाज होता तरी कुठे? पण विचारायचं कुणी! उकाड्याने कानाला घाम यायचा, तर आत रुमालाच्या घड्या घालून नाना हेडफोन मिरवायचे.

मग चमत्कार सुरू झाले. भाजीबाजाराच्या वाटेवर मारुती लागतो. तिथे नानांचं गाणं आपोआप बदलायचं. "मारुतीला ते पसंत नाही, ताई. पुढं ढकललं त्याने!" पुढच्या वळणावर खोडियार मातेचं मंदिर. तिथे एकदा नेमकी लावणी लागली, तेव्हा नाना रस्त्यातच उभे राहिले. "मातेला लावणी आवडते! कुणाला ठाऊक होतं?" हे त्यांनी आरतीला जमलेल्या बायकांनाही सांगितलं. काहींना पटलं.

कारखान्याच्या गुजराती शेटजींचं मात्र वेगळंच. ते फोनवर आधी म्हणणार, "जय माताजी, हिरामण!" आणि फोन बंद. पुन्हा लावला, पुन्हा "जय माताजी", पुन्हा बंद. शेवटी शेटजी स्वतः गाडी काढून आले आणि गरजले, "शुं वात छे, हिरामण? मोटो माणस थई गयो?" नानांनी मोबाइलच्या टॉवरवर खापर फोडलं. आम्हीही मान डोलावली. तुम्हाला एव्हाना सगळं कळलं असेल, पण आम्हाला नाही कळलं. इथे देवाचं नाव निघालं की सगळ्यांचेच हात कानाला जातात, त्यात बघायचं काय?

मग आखाजी जवळ आली. अक्षय तृतीयेला आम्ही खानदेशी लोक आखाजी म्हणतो. त्या सणाला लेकीबाळींना माहेरी आणायचं आणि आणायला भावाने जायचं. नानांची बहीण, आक्का, अमळनेरकडे असते. आई लहानपणीच गेली, आक्कानेच त्यांना वाढवलं. त्याच आक्काला नाना मुलीच्या हळदीत चार पाहुण्यांसमोर ताडकन बोलले, "तुला काय कळतं यातलं?" आक्का न जेवता उठली. त्यानंतरच्या आखाजीला ती आली नाही. यंदाही आली नाही तर कायमचीच तुटेल, हे नानांना कळत होतं आणि ते आतून खचत चालले होते. "रोज फोन लावतो, ताई. मी माफीचा शब्द काढला की ती ठेवून देते." त्यांच्या तोंडचं "एक नंबर" बंद झालं, तेव्हा मलाही करमेना.

एका सकाळी मी गच्चीवर बिबडे, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, वाळत घालत होते. नाना हेडफोन लावून पलीकडे उभे. "आक्का, मन्ही चूक..." एवढं म्हणाले आणि हात कानाला. टक-टक. "पाहिलंत? ठेवला!"

माझ्या हातातला बिबडा खाली पडला. "नाना, आक्का नाही ठेवत! तुम्हीच ठेवता!"

नाना आपल्या बोटाकडे बघत राहिले. "म्हणजे मी रोज माफी मागता मागता तिच्या तोंडावर फोन आपटतोय?"

"हात खिशात घाला आणि परत लावा," मी ओरडलेच. त्यांनी घातले. पण हात खिशात असताना तो शब्द येईना. गावात पाणी येतं का, आंबे कसे आहेत, सगळं विचारून झालं. "मन्ही..." म्हणताच उजवा हात उसळून बाहेर आला. टक-टक. संपलं.

मी त्यांचे हेडफोन काढून बंद केले, फोन टाकीच्या कट्ट्यावर ठेवला, स्पीकर लावला आणि आक्काचा नंबर फिरवला.

"आते काय शे?" आक्काचा आवाज तापलेला. "परत कापशी ना फोन?"

"नई, आक्का. आयक." नानांनी दोन्ही हातांनी दोन्ही कान घट्ट धरले. केस पांढरे झालेला तो माणूस त्या फोनपुढे वाकून उभा राहिला. "मन्ही चूक व्हयी गयी, आक्का. सगळासमोर बोलनू. माफ कर."

आता मात्र खरंच ठेवला की काय, म्हणून मी फोनकडे वाकून बघितलं. नाना तसेच वाकलेले, डोळ्यांतून पाणी.

"कान धरेल शेतस का?" आक्काने विचारलं.

"धरेल शेतस."

"दोन्ही?"

"दोन्ही, आक्का."

मग ती अगदी हळू म्हणाली, "सोड आते. लाल व्हयी जातीन."