चाक टेकलं की परवानगी संपली

वायरमनची गाडी मागून कडकड वाजायला लागली, ही गोष्ट सोसायटीच्या कमिटीनं अत्यंत गांभीर्यानं घेतली. गाडी साधी नव्हती. दोन दारांची, रस्त्याला पोट घासत जाणारी, रेसला शोभेल अशी. लोकांच्या घरी वीस वर्षं दिवे लावून त्यानं ती सेकंडहँड घेतली होती. तेव्हा बायको एवढंच म्हणाली होती, "आता झोप तिच्यातच."

नोटीस आली: पंधरा दिवसांत आवाज बंद न झाल्यास पार्किंगची जागा काढून घेण्यात येईल. जागा गेली की गाडी विकायचीच. असली गाडी रस्त्यावर कोण ठेवतो?

आजार किरकोळ होता. मागच्या चाकांना धरून ठेवणाऱ्या दांड्यांत रबरी बुश असतात, ते फाटले होते. वायरमन म्हणाला, घरीच बदलतो.

"परवानगी लागेल," सेक्रेटरी म्हणाले.

"आवाज तुम्हीच बंद करायला सांगितलात ना!"

"सांगितला. करायला परवानगी कुठं दिली?"

बारा दिवस, पाच सह्या. मग कागद हातात पडला: 'उचललेल्या गाडीवर दुरुस्तीस दोन दिवस मुभा. चाक जमिनीला टेकताच दुरुस्ती संपली असे समजून परवानगी रद्द होईल.'

वायरमननं गाडी जॅकनं उचलली, स्टँडवर ठेवली. आट्यांचा लांब रॉड, पाइपचा तुकडा आणि जाड वॉशर लावून जुने बुश इंच इंच ओढून काढले. नवे आकसावेत म्हणून फ्रीजरमध्ये ठेवले.

"मटारात हे काळं काय?" बायकोनं विचारलं.

"बुश."

"उद्या डब्यात देऊ?"

नवे बुश बसले. राहिले चार बोल्ट. आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं. हे बोल्ट गाडी हवेत असताना आवळायचे नसतात. चाकांवर वजन यावं लागतं, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि आठवड्यात फाटतं.

"वजन आलं म्हणजे चाक टेकलं," सेक्रेटरी म्हणाले, "आणि चाक टेकलं की परवानगी संपली."

"मग ढिले ठेवू?"

"ढिल्या बोल्टची गाडी म्हणजे बंद गाडी. बंद गाडीला जागा नाही."

"हवेत आवळले तर फाटेल हो!"

"ते तांत्रिक झालं. कमिटी तांत्रिक बाबीत पडत नाही."

वायरमनचं डोकं सटकलं, पण चाललंही. त्यानं चाकांखाली जाड फळ्या सारल्या आणि गाडी त्यांच्यावर उतरवली. वजन चाकांवर, चाकं फळीवर, जमीन चार बोटं खाली. तो पाना घेऊन खाली सरकला, तेवढ्यात सेक्रेटरींचे बूट दिसले.

"थांबा! फळी म्हणजे जमीन की नाही, हे आधी ठरायला हवं."

सभासदांची तातडीची सभा तिथंच भरली. फरशीचा ठेकेदार म्हणाला, "फरशी जमीन धरतो, मग फळीनं काय घोडं मारलंय?" केमिस्टला ते पटलं. डान्सच्या मॅडमना घाई होती, म्हणून त्यांनाही पटलं. वायरमन गाडीखालूनच ओरडला, "अहो, अर्धा तास द्या! चारच बोल्ट!" 'फळी म्हणजे जमीन' या बाजूनं हात वर झाले. ज्यांच्या घरचा फ्यूज त्यानं फुकट बदलून दिला होता, त्यांचेही. पाना जमा झाला, गाडी बंद ठरली, जागा गेली. शनिवारी विकत घेणाऱ्यानं टेम्पोवर घालून गाडी नेली. वायरमन गेटपर्यंत मागोमाग चालला.

जिन्यात प्रत्येकानं त्याला गाठून हळूच सांगितलं, "चूकच झाली हो. पण सभेत कोण बोलणार?"

वृत्तांत बोर्डावर लागला. शेवटची ओळ अशी: 'फळी म्हणजे जमीन, हा ठराव ज्यांनी वाचला आणि हरकत घेतली नाही, त्यांची संमती धरण्यात येत आहे.'

तुम्हीही आत्ता वाचलात. हसलातही असाल. हरकत घेतलीत?