नव्वद किलोंचा नंदी

यंदाच्या तान्ह्या पोळ्यात, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्यात, पहिला नंबर आपलाच, हे महाल भागातल्या रुपराव सुतारांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं. लागोपाठ तीन वर्षं दुसरा नंबर! तेव्हापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं. म्हणून नात भूमिकासाठी त्यांनी भरीव सागवानाचा नंदी घडवला. वजन नव्वद किलो! पोरीला ओढता यावा म्हणून चाकांना बेअरिंगं बसवली. बोटानं ढकलला की नंदी चालू.

"आबाजी, ब्रेक कुठं हाय?" नववीतल्या भूमिकानं विचारलं.

"लाकडाच्या बैलाले ब्रेक कोन लावते वं?"

"अजी, जेवढा वजनी, तेवढाच थांबवाले जड जाते. शाळेत शिकवलं आमाले."

"तुह्या शाळेनं कधी नंदी केला का?" रुपराव हसले. विषय संपला.

कासरा धरून भूमिका पुढे, रुपराव मागे, अशी स्वारी झोकात निघाली. लोक ओट्यांवर येऊन पाहत होते, रुपरावांची छाती फुगत होती. तेवढ्यात गल्लीचा उतार लागला आणि नंदीनं वेग घेतला. भूमिका बाजूला झाली आणि कासरा न सोडता त्याच्यासोबत पळू लागली. रुपरावांनी शेपूट धरून मागे ओढलं. चप्पल घासली, तुटली. नंदीला पत्ताच नाही.

"हो! हो रे राजा!" खऱ्या बैलाला ओरडावं तसे ते ओरडले आणि शेपूट हातातून सुटलं.

खाली तोरणाजवळ परीक्षक मारोतराव भाषणाचं पहिलं पान वाचत होते. नंदी दिसताच ते उडी मारून नालीपलीकडे गेले. नंदी तोरण तोडूनच पुढे निघाला.

तोरण तुटलं की पोळा संपला! "पोळा फुटलाऽ!" म्हणत तिथं जमलेली चाळीस पोरं आपापले नंदी घेऊन बोजाऱ्याचे पैसे मागायला घरोघर पळाली. भाषण राहिलंच.

आता समोर पोह्यांचा ठेला, त्यावर उकळती तर्री. रुपरावांनी डोळेच मिटले. आरडाओरडा थांबला तेव्हा घाबरत उघडले. भूमिकानं कासऱ्याचे विजेच्या खांबाला तीन वेढे दिले होते आणि टोक धरून ती मागे रेलून उभी होती. नंदी ठेल्यापासून वीतभर अंतरावर थांबला होता.

"पहिला नंबर त्या बारक्या पोराच्या, अंकुशच्या टीचभर नंदीले!" मारोतराव धोतर झटकत म्हणाले. "सांगितलं तिथं उभा तरी राहते!"

रुपरावांच्या कानावर ते गेलंच नाही. तुटकी चप्पल हातात घेऊन ते येणाऱ्याजाणाऱ्याला तो खांब दाखवत होते. "नव्वद किलो! अन् माह्या नातीनं एकटीनं थांबवला! पाहा तं खरं!" त्यांचे डोळे अभिमानानं भरून आले होते.

नंदी चढावर ढकलत परतताना भूमिका धापा टाकत म्हणाली, "आबाजी, आता तरी ब्रेक लावसान ना?"

"काहून वं? तू हायेस ना! पुढच्या साली दीडशे किलोचा करतो."