एका चाकावरचा जावई

माझा जावई माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, नडगीकडे बघतो. न्यूर्नबर्गच्या विमानतळावर मला घ्यायला आला, वाकून नमस्कार केला आणि वाकलेलाच राहिला. मला वाटलं, कमरेत भरलं. तर खालूनच म्हणतो, "आल्झो, आई, तुमची नडगी घोट्यापासून एकदम सरळ वर जाते. फार कमी लोकांची जाते." आल्झो म्हणजे 'तर मग', त्याचं बोलणं तिथूनच सुरू होतं.

मिरजेहून निघून दीड दिवस झाला होता. पाय सुजून भोपळे झाले होते. माणूस विचारतो, प्रवास कसा झाला, काही खाल्लंत का. हा नडगी बघतो.

शिरीष त्याचं नाव. वय सत्तेचाळीस. एर्लांगेनला दवाखान्यातली यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत मोठा इंजिनीयर आहे. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, जावई आहे म्हणून. लिहिताना करणार नाही.

त्याच्याकडे एक चाक आहे. सायकलीला दोन असतात, रिक्षाला तीन, याला एकच. विजेवर चालतं. चाकाच्या दोन्ही अंगांना पाय ठेवायला दोन फळ्या, बाकी हँडल नाही, सीट नाही, ब्रेकची दांडी नाही. उभं राहायचं. पुढे रेललं की ते पळतं, मागे रेललं की थांबतं. वजन भरल्या सिलेंडरएवढं. आणि ऐका, या देशात ते रस्त्यावर चालवायला बंदी आहे. हँडल नाही म्हणून परवाना नाही. गल्लीतसुद्धा नाही, फुटपाथवरसुद्धा नाही. दुसरा कुणी असता तर गुपचूप एक चक्कर मारून आला असता. हा नाही. हा माणूस रस्त्यावर चिटपाखरू नसताना लाल दिव्यापाशी थांबतो आणि मलाही थांबवतो. मग चाक चालवतो कुठे? गावाबाहेर एका शेतकऱ्याचं फरसबंद आवार आहे. तिथे रविवारी, त्या शेतकऱ्याच्या लेखी परवानगीने, गोल गोल.

दिवाळीच्या आधी तिथेच पडला. मनगट मोडलं. मग वैशालीचा, माझ्या मुलीचा, फोन आला. "आई, तू ये. माझं ऐकत नाही तो. तुला उलटून बोलायची त्याची हिंमत नाही. तू परत जायच्या आत ते चाक घरातून गेलं पाहिजे. नाहीतर मी श्पेर्म्युलला टाकते." श्पेर्म्युल म्हणजे घरातली मोडकी कपाटं, गाद्या वगैरे न्यायला नगरपालिकेची गाडी येते, ती. तीन महिन्यांचा व्हिसा होता. चाक घालवायला मी जर्मनीला आले, फिरायला नाही.

आल्या दिवशीच सांगून मोकळी होणार होते. पण बघितल्याशिवाय वस्तू नापसंत करायची मला सवय नाही. म्हटलं, आधी बघू.

बघितलं ते चाक नव्हतंच. बघितला तो फोम.

चाकावर उभं राहिलं की पाय घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंना गाद्या लावतात. नडगीला टेकणारी पुढची, पोटरीला टेकणारी मागची. पुढचीला रेटा दिला की वेग, मागचीला दिला की ब्रेक. बाजारात तयार मिळतात. पण हा म्हणतो, "आल्झो, आई, त्या सगळ्यांसाठी बनवलेल्या असतात. म्हणजे कुणासाठीच नाही." म्हणून घरी बनवतो. नातीच्या खोलीत. नात शिकायला हॅम्बर्गला गेली, तिच्या खोलीत मला झोपवलं आणि माझ्याभोवती फोम रचला. काळा फोम, करडा फोम, कडक, मऊ, तुकडे, चुरा. फोम चिकटवायचं सोल्यूशन तळघरात थंडीने वाळत नाही म्हणून माझ्या उशाशी हीटरवर गाद्या वाळत ठेवायचा. सोल्यूशनचा तो वास नाकात घेऊन मी उठायची. डोकं भणभणायचं. वैशालीला म्हटलं, "तुझा नवरा मला मारणार आहे का?" ती म्हणाली, "आता कळलं तुला?"

एके दिवशी माझ्या स्लिपरा दिसेनात. मिरजेहून आणलेल्या, निळ्या पट्ट्याच्या, रबरी. शोधशोध शोधल्या. तर टेबलावर, उभ्या कापलेल्या, मापाची पट्टी लावून ठेवलेल्या.

"जावईबापू, हे काय आहे?"

"आई, ही डेन्सिटी इथे मिळत नाही."

"माझ्या पायाला स्लिपरा मिळत नाहीत, त्याचं काय?"

"गेनाऊ," म्हणाला, म्हणजे बरोबर आहे. गेनाऊ म्हणून माणूस विषय मिटवतो तसा हा मिटवत नाही. त्याला खरंच वाटतं की आपण दोघं एकाच बाजूचे आहोत. संध्याकाळी मला लोकरीचे मोजे आणून दिले आणि स्लिपरांबद्दल आभार मानले. वैशालीची योगाची चटई, टबापाशी ठेवायचं पायपुसणं, नातीचं पोहायचं फळकूट, सगळं असंच गेलं होतं. पावाच्या विजेच्या सुरीने फोम कापतो. पाव आम्ही हाताने तोडून खातो.

पण माझा खरा संताप वेगळाच होता. मी तीस वर्षं रिक्षाच्या सीटा शिवल्या आहेत. मिरजेत आमचं कुशनचं दुकान होतं. आमचे हे रेक्झिन ओढायचे, मी मशीनवर शिवायची. फोम काय असतो हे मला पुण्याच्या कॉलेजात जाऊन शिकावं लागलं नाही. सोल्यूशन दोन्ही अंगांना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मगच दाबायचं. हे दुकानातल्या कुत्र्यालाही कळत होतं. आणि हा काय करायचा? कापायला दोन मिलीमीटर इकडे-तिकडे झालं तर अख्खा तुकडा फेकून द्यायचा. वळण असं घ्यायचा की मीसुद्धा मनात म्हणायची, हात चांगला आहे. आणि शेवटी सोल्यूशन एकाच अंगाला लावायचा, तेही ओलं असताना चेपायचा. असा जोड सहा महिने टिकत नाही. कडेने पापुद्रा सुटतो.

मी सांगितलं. "दोन्हीकडे लावा. वाळू द्या."

"गेनाऊ, आई."

दुसऱ्या दिवशी परत तेच. परत सांगितलं, परत गेनाऊ. तिसऱ्यांदा मी ब्रश हातातून ओढून घेतला. त्याने हळूच ब्रश परत मागून घेतला आणि ओलंच चेपलं. माझ्या डोळ्यांदेखत! चांगलं काम येत असून वाईट करणारा माणूस मला डोळ्यांसमोर नको असतो. त्या दिवशी ठरवलं, चाक गेलंच पाहिजे. रविवारी एकदा बघायचं आणि सोमवारी सांगून टाकायचं.

त्या शनिवारी उटे नावाची बाई आली. ताडमाड उंच, साठीची असेल. तिच्या गादीचा पापुद्रा सुटला होता, नवी हवी होती. मी मनात म्हटलं, सुटणारच. तर शिरीषने तिला खुर्चीपाशी उभं केलं, गुडघ्यावर बसला आणि माप घ्यायला लागला. नडगी चार ठिकाणी, पोटरी चार ठिकाणी. बूट घालून एकदा, काढून एकदा. आणि हा घुमा माणूस बोलत होता! जेवताना "भात वाढ" एवढंच बोलणारा जर्मनमध्ये घडाघडा बोलत होता, हसत होता, हात नाचवत होता. ती तिच्या कुत्र्याचं काहीतरी सांगत होती, मध्येच भुंकूनही दाखवलं. याने तिला आतून वाटीभर चिवडा आणून दिला. वीस मिनिटांनी ती गेली. हा दाराशी बराच वेळ उभा होता. मग आत आला, "आल्झो," म्हणाला आणि चिवड्याची वाटी उचलली.

रविवारी गेले त्याच्याबरोबर. थंडी हाडात शिरणारी. पांढऱ्या शतावरीच्या शेतकऱ्याचं आवार, हंगाम नसल्याने रिकामं. उटे होती, आणखी दोघं होते, मार्कुस आणि थोमास. चौघं चाकांवर चढले. खोटं कशाला बोलू, बघण्यासारखं होतं. पाय न हलवता माणसं पाण्यावरून सरकावीत तशी सरकत होती. शिरीष सगळ्यांत सफाईदार. मनगट मोडलेला माणूस वाटत नव्हता.

मध्ये थांबले तेव्हा चाकं भिंतीला लावली. मी जवळ जाऊन गाद्या बघितल्या. चारही चाकांना शिरीषच्याच हातच्या. मार्कुसच्या गादीचा पापुद्रा सुटत होता. थोमासच्या गादीचाही सुटत होता. मग शिरीषच्या चाकाची गादी चिमटीत धरून ओढली. नखसुद्धा शिरेना. जोड असा की सापडेना. दोन्ही अंगांना सोल्यूशन, वाळवून, दाबून. माझ्या दुकानातून गेली असती तशी.



तासाभराने ते आवरायला लागले. "सुपर, शिरीष, सुपर," म्हणून मार्कुसने याच्या पाठीवर थाप मारली. वाईट माणसं नव्हती ती. मलाही हात केला. मग तिघंही मार्कुसच्या गाडीत बसली, हसत, आणि गेली. आम्ही आमच्या गाडीत. याने थर्मासातून मला चहा ओतून दिला.

"कुठे गेले हे?"

"कॉफीला. मार्कुसकडे."

"तुम्ही नाही गेलात?"

"त्यांचं आधी ठरलेलं असतं, आई."

"किती वर्षं येताय इथे?"

"चार."

"चार वर्षांत तुमच्या समोर एकदाही ठरलं नाही?"

त्याने चहा ढवळला. साखर नव्हतीच त्यात.

मग मी विचारलं. "जावईबापू, तुमच्या गादीचा जोड सुटत नाही. त्यांच्याच गाद्यांचे कसे सुटतात?"

कान लाल झाले त्याचे. समोरच्या काचेतून बघत म्हणाला, "माप घ्यायला यावं लागतं मग. घरी. वीस मिनिटं लागतात. सांगतात काहीबाही. कुत्र्याचं, मुलांचं."

मला राग आला. त्या तिघांचा आला. याचा आला. अरे, कॉफीला येऊ का म्हणून तोंडाने विचार की! त्यासाठी चांगल्या हाताने वाईट काम करायचं? दुकानात एखाद्याने असं केलं असतं तर मी त्याला हाकलला असता. हे सगळं मला त्याला सुनवायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "चला घरी. भूक लागली."

घरी वैशाली धुतलेले कपडे दोरीवर घालत होती. मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "आई, सांगितलंस का?"

"नाही."

"का? तुला बोलावलं कशाला मी?"

"तू त्याला चाकावर उभं बघितलंयस का कधी?"

"मला काय करायचंय बघून?"

"चार वर्षांत एकदा?"

"आई, मला रविवार एकच मिळतो."

"त्यालाही एकच मिळतो."

"तू माझ्या बाजूने आलीयस की त्याच्या?"

"मी कुणाच्या बाजूने नाही. तुम्ही दोघंही मूर्ख आहात. चाक राहील. तू पुढच्या रविवारी चल."

ती खूप बोलली. मनगटाचं बोलली, योगाच्या चटईचं बोलली, माझ्या स्लिपरांचं मलाच बोलली. मी ऐकून घेतलं. सगळं खरंच होतं. जोडांचं मात्र तिला सांगितलं नाही, आजवर नाही.

पुढच्या रविवारी ती आली. तोंड फुगवून, हात खिशात, टोपी कपाळापर्यंत. बाकीचे तिघं त्या दिवशी नव्हते, पाऊस येणार म्हणून. रिकाम्या आवाराच्या कडेला आम्ही दोघी दोन बादल्या पालथ्या घालून बसलो. शिरीष चाकावर चढला आणि निघाला. पहिली फेरी नीट मारली. दुसऱ्या फेरीला आमच्या समोरून जाताना मान वळवून बघितलं. तिसऱ्या फेरीलाही. चौथ्या फेरीला तर पार पलीकडच्या कोपऱ्यातूनच वळून बघायला लागला, आम्ही आहोत का उठून गेलो, म्हणून. चाक लटपटलं.

वैशाली बादलीवरून ताडकन उठली. खिशातले हात बाहेर आले.

"अरे शिरीष, समोर बघ!" ती ओरडली. "आम्ही कुठे जात नाही!"