साडेचार हजार मीटरवरून मीटिंग

शिखर सर करायला दोन महिने रजा लागते, हा जुन्या लोकांचा गैरसमज आहे. आता यंत्र मिळतं. पलंगावर प्लास्टिकचा तंबू लावायचा, यंत्राची नळी आत सोडायची आणि आतला ऑक्सिजन कमी करायचा. माणूस घरीच विरळ हवेला सरावतो आणि सहा हजार मीटरचं शिखर तीन आठवड्यांत उरकून येतो! हे मी ऑफिसात इतक्यांदा ऐकवलं, की साहेबांनी रजा मंजूर केली. बहुधा कटकट जावी म्हणूनच.

बायको पहिल्याच दिवशी उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. तंबूत मला बघून तिला फ्रीजमध्ये पिशवीत घालून ठेवलेला कोबी आठवत होता म्हणे.

मी खचलो नाही. घरून कामाचा दिवस आला तेव्हा लॅपटॉपही आत घेतला, यंत्र साडेचार हजार मीटरवर लावलं आणि बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा अडकवला. अकराला मीटिंग सुरू झाली.

अर्धा तास छान गेला. मग फारच छान वाटू लागलं. साहेब वार्षिक अहवालाबद्दल बोलत होते. त्या कामाला आमच्याकडे कोणी काठीनेही शिवत नाही. मला मात्र त्यांचा शब्द न् शब्द कवितेसारखा वाटत होता. कोण घेतंय, असं त्यांनी विचारलं आणि माझा हात वर गेला. तुंबलेल्या तक्रारी कोण निस्तरणार? तोही मीच. बायको तंबूबाहेरून जोरजोरात हातवारे करत होती. मला वाटलं, कौतुक करतेय. मी तिला अंगठा वर करून दाखवला. नेमकं तेव्हाच साहेब विचारत होते, मग तुमची रजा रद्द करायची ना?

तिने तंबूची चेन ओढली तेव्हा चिमट्यावर अठ्ठ्याहत्तर आकडा होता. दहा मिनिटांत डोकं ताळ्यावर आलं, आणि पाठोपाठ रजा रद्द झाल्याचा ईमेलही.

चार वर्षं त्या शिखराचा फोटो उशाशी घेऊन झोपलो होतो. दुसऱ्या दिवशी लाज गुंडाळून साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"साहेब, काल माझ्या मेंदूला ऑक्सिजन मिळत नव्हता. तो होकार धरू नका."

साहेबांनी चष्मा पुसला. बारा वर्षांत मी एकदाही आपणहून काम मागितलं नव्हतं, याची त्यांनी शांतपणे आठवण करून दिली. रजा परत मिळणार नव्हती. मी दारापाशी पोचलो तेव्हा त्यांनी हाक मारली. मला वाटलं, पाघळले.

"तो तंबू," ते म्हणाले, "त्यात एका वेळी किती माणसं बसतात?"