दादाला साडेनऊच्या आत सोडतो!

मी फक्त ‘नाही’ म्हणालो. एवढाच माझा गुन्हा. एरवी मी घरात कुणाला नाही म्हणत नाही. मान खाली घालतो आणि उठून जातो. पण त्या दिवशी जेवताना दादा म्हणाला, "रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय. शेडमधलं ते धूड न्यायला," आणि तोंडात घास असतानाच माझ्याकडून "नाही!" निघून गेलं. (घासाचा थोडा भाग दादाच्या ताटात गेला. त्याला त्याचाच जास्त राग आला.)

धूड म्हणजे बाबांची मोटार. बाबा गेल्यावर नऊ वर्षं तिच्यात मांजरांची बाळंतपणं झाली. मग मी चार वर्षं, कारखान्यातून आल्यावर, ती सगळी सुटी करून पुन्हा जोडली. मी लेथवर काम करतो. जो भाग बाजारात मिळाला नाही तो स्वतः कातून काढला. आणि ती चालते! फक्त दहा-बारा मिनिटांनी थांबते.

"चार वर्षांत ती जेवढी चालली," दादा म्हणाला, "त्याहून जास्त तू तिच्याखाली सरपटलास."

"चालेल ती."

"मग शनिवारी मला ऑफिसात सोडून दाखव. साडेनऊच्या आत. एकदा जरी ढकलावी लागली, तर रविवारी भंगारवाला."

"सोडतो!"

"मी पण येणार," आई म्हणाली. "तुम्ही दोघं एका गाडीत, म्हणजे तिसरं माणूस हवंच."

शुक्रवारपर्यंत मी प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटर तर इतक्या वेळा उघडला की माझी नुसती चाहूल लागली तरी त्याचे स्क्रू सैल व्हायला लागले.

शनिवारी साडेआठला निघालो. दादा पुढे, इस्त्रीच्या शर्टात, सीटवर वर्तमानपत्र अंथरून. आई मागे. अकरा मिनिटं गाडी अशी धावली की दादासुद्धा खिडकीवर कोपर टेकून ऐटीत बसला. मग तिने दोन आचके दिले आणि रस्त्याच्या कडेला मुकाट उभी राहिली.

"ढकलायची का रे?" इतक्या प्रेमाने दादाने मला कधीच काही विचारलं नव्हतं.

"कुणीही हात लावायचा नाही!"

मी उतरलो. मागे जाऊन टाकीचं झाकण उघडलं, काडी बुडवून पेट्रोल बघितलं, झाकण आवळलं. (माझी पद्धत आहे. आधी टाकी, मग बाकीचं.) मग बॉनेट उघडून प्लग पुसले. गाडी सुरू!

"प्लगच होता," मी जाहीर केलं.

दहा मिनिटांनी पुन्हा आचके. टाकी, काडी, झाकण. या वेळी कॉइलवर ओलं फडकं ठेवलं. सुरू!

"कॉइल तापली होती."

"मघाशी प्लग होता," दादा घड्याळाकडे बघत म्हणाला.

तिसऱ्यांदा ती ऐन चौकात बसली. मागे बस, बसमध्ये शंभर डोळे, आणि अनोळखी माणसांनी नुसतं बघितलं तरी मला घाम फुटतो. सव्वानऊ झाले होते. टाकी, काडी, झाकण. बॉनेटला हात घालणार, तेवढ्यात आईने खिडकीतून डोकं काढलं.

"अरे, आता नुसती चालू करून बघ."

"आई, अशी नुसती चालू होत नसते. आधी दोष शोधावा लागतो."

"चालू कर म्हणते ना!"

केली. झाली.

"तू दरवेळी झाकण उघडतोस म्हणून ती सुरू होते," आई म्हणाली. "बाकीचं सगळं तू तुझ्या समाधानासाठी करतोस. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल पडतं का धड? दुसरं हवेला लागतं. तुझ्या टाकीत हवा जाते कुठून?"

मी परत मागे गेलो आणि झाकणाकडे बघत राहिलो. पितळेचं, माझ्या हातचं, आत रबरी वॉशर. आयुष्यातलं माझं सगळ्यात सुबक काम. मूळच्या झाकणाला मधोमध टाचणीएवढं भोक होतं. मला वाटलं, गंजाने पडलंय. म्हणून नवीन करताना मी ते बुजवलं आणि वर आठवडाभर स्वतःवरच खूश होतो. टाकीतलं पेट्रोल कमी व्हायचं, आत हवा शिरायची नाही, मग टाकी उरलेलं पेट्रोल सोडायलाच तयार नाही!

"दोन आटे सैल कर आणि बस आत," आई म्हणाली. मी केलं आणि बसलो.

नऊ अठ्ठावीसला गाडी ऑफिसच्या फाटकात उभी होती. दादाने उतरून शर्ट झटकला.

"तीनदा थांबली."

"ढकलली का?"

"थांबली ना पण!"

"ढकलली का ते सांग!" मी इतक्या मोठ्याने ओरडलो की फाटकावरचा वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला. मी नजर हटवली नाही.

दादाने बॉनेटवर एक हलकी थाप मारली. "भंगारवाल्याला नको म्हणून सांगतो," तो म्हणाला. आणि चार पावलं गेल्यावर, मागे न बघता, "सहाला घ्यायला ये."

सोमवारी संध्याकाळी दादाच्या ऑफिसातले हेडक्लार्क बंद पडलेली स्कूटर ढकलत आमच्या दारात आले. दादाने ऑफिसभर गोष्ट सांगितली होती तर! मी पाना घेऊन, छाती काढून बाहेर गेलो.

"कधीपासून बंद पडतेय?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या खांद्यावरून घरात डोकावून बघितलं.

"तुम्ही राहू द्या हो," ते म्हणाले. "आई आहेत का घरी?"

आई हात पुसत बाहेर आली. स्कूटरभोवती एक फेरी मारली, खाली वाकली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाना दे."

मी दिला. पण ताठ मानेने दिला.