नानांचा इमानदार रोग

नानांच्या घरात माणसाला बसायला जागा नव्हती. अळ्यांना मात्र प्रत्येकी स्वतंत्र खोली होती. दवाखान्यातून मागून आणलेल्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या. खाटेखाली, कोनाड्यात, अगदी देवांच्या पुढ्यातसुद्धा. एका बाटलीत हरभऱ्याच्या शेंगा पोखरणारी एक घाटेअळी, तिच्यापुरते दोन भिजवलेले हरभरे आणि वर कापसाचा बोळा. कोणी टेकायला गेलं की नाना ओरडत, "दमानं बे! पाहुणे जेवून राह्यले."

पाहुणचार असा होता. हरभऱ्याला विषाणू लावायचा आणि तो अळीला खाऊ घालायचा. आठवडाभरात अळी मऊ पडते, उलटी लटकते, मरते. मेलेल्या अळ्या वाटायच्या, फडक्यातून गाळायच्या आणि ते पाणी हरभऱ्याच्या शेतावर फवारायचं. मग शेतातल्या अळ्याही तशाच उलट्या लटकतात. डोळ्यांना न दिसणारा हा विषाणू नानांनी एका शेतकी शिबिरातून बाटलीभर आणला होता आणि दर साली घरीच वाढवला होता. फवाऱ्यात ते गूळ घालत, अळीनं आवडीनं खावं म्हणून. आणि कपड्यांची नीळ घालत, विषाणूला ऊन लागू नये म्हणून. त्यामुळे हिवाळाभर नानांची बोटं निळी.

"इमानदार रोग आहे बे हा," ते म्हणत. "घाटेअळी सोडून कोणाले हात लावत नाही. मधमाशीले नाही, बैलाले नाही, मले नाही. असा एक पुढारी दाखव मले."

मी तेव्हा धाड गावच्या बाजारात कीटकनाशकांविरुद्ध पत्रकं वाटत असे. डब्यावर वर कवटी छापायची, खाली हसरा शेतकरी छापायचा आणि ते विष औषध म्हणून विकायचं, या निर्लज्जपणाची मला चीड होती. आजही आहे. नाना मला पत्रकवाल्या म्हणत. आमच्याच गावात विषाला उत्तर सापडलंय आणि गाव नानांना 'अळ्यावाला येडा' म्हणून हसतंय, हे मला सहन होईना.

हसण्याला कारण होतं, हेही सांगितलं पाहिजे. पहिल्या वर्षी नानांनी मेलेल्या अळ्या वाटल्या त्या वहिनींच्या पाट्यावर. लग्न न केलेले नाना तेव्हा थोरल्या भावाकडे, दादांकडेच जेवत. "तीनदा धुतला होता पाटा," नाना अजूनही निरागसपणे सांगतात. पण वहिनींना हे कळलं ते त्याच पाट्यावरच्या ठेच्याबरोबर सगळ्यांची भाकर खाऊन झाल्यावर. त्यांनी पाटा उचलून अंगणात टाकला. आठ दिवसांत अंगणात भिंत आली आणि शेतात मधोमध बांध, आमच्याकडचा धुरा. सहा वर्षं दोन्ही घरांत बोलणं नाही. पाटा नानांनी आपल्या खोलीत नेला, धोतराच्या फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात उभा केला. अळ्या ते खलबत्त्यात कुटू लागले, पण पाट्याला कोणी हात लावलेला त्यांना चालत नसे. मला वाटे, रुसवा जपून ठेवलाय म्हाताऱ्यानं.

त्या वर्षी मी ठरवलं, गावाला नानांचं शेत दाखवायचंच. पत्रक काढलं: 'या आणि डोळ्यांनी पाहा! बाजाराच्या दिवशी सकाळी, नानांच्या धुऱ्यावर!' नानांच्या मदतीलाही गेलो. बाटल्या कमी पडत होत्या आणि एकीला एक खोली ही सरंजामशाही मला पटेना. मी एकेका बाटलीत दोन-दोन अळ्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक बाटलीत एकच अळी होती, आणि ती लठ्ठ होती.

"घाटेअळी घाटेअळीले खाते बे!" नाना कपाळावर हात मारून म्हणाले. निम्मा साठा माझ्या समतेनं खाल्ला होता. उरलेला जेमतेम एका शेताला पुरला असता. "पुरंल ना, नाना?" मी विचारलं. "एका शेताले पुरंल," ते म्हणाले. अळ्या मेल्या, कुटून-गाळून झाल्या, तेव्हा एका दिवशी ऊन उतरल्यावर पाठीवर पंप बांधून एकटेच निघाले. मला येऊ दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी माणसं आली. वीस-पंचवीस तरी. आणि नानांच्या शेतात घाट्याघाट्याला भोक होतं. अळ्या ऐटीत डोकी खुपसून खात होत्या. एक उलटी लटकेल तर शपथ!

"काऊन हो नाना, पाहुणे लई सुधारले दिसतात!" कोणीतरी म्हणालं. हसत-हसत सगळे धाडच्या गाडीला गेले. माझ्या पत्रकात एकानं शेंगदाणे बांधले. मी नानांवर ओरडलो, "तुम्ही फवारलंच नाही!" नाना खाली बघून बोटं धोतराला पुसत होते. बोटं तर निळीच होती.

तेवढ्यात धुऱ्यापलीकडच्या दादांच्या शेतातून वहिनी आल्या. हातात उपटलेला हरभरा. घाटे भरलेले, पानांवर बारीक निळे ठिपके आणि शेंड्याला उलट्या लटकलेल्या दोन काळ्या अळ्या. त्यांनी नानांकडे पाहिलंच नाही. मला म्हणाल्या, "विचार त्यायले, आमच्या हरभऱ्यावर ही नीळ कोनाची?"

हातभर अंतरावरून नाना मला म्हणाले, "सांग तिले, वारं होतं. उडून गेली असंल."

"दोन एकर उडाली?"

नानांनी निळी बोटं पाठीमागे नेली. मग म्हणाले, "हरभऱ्याच्या सोल्याची भाजी आवडते तिले. माझ्याच्यानं भाकर एकट्यापुरती होते, भाजी होत नाही. मले सोले करायचे काय? सांग तिले."

सांगायची गरजच नव्हती. त्या समोरच उभ्या होत्या. त्यांनी डहाळा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"अन् माझा पाटा कुठं टाकला, तेही विचार."

"टाकला नाही," या वेळी नाना मला न विचारता बोलले. "दिवाळीले दरसाली टाकी घालून घेतो त्याले. गुळगुळीत झाला तर वाटन बारीक होत नाही."

वहिनी वाकल्या. मग डहाळा धुऱ्यावर ठेवला, बरोबर मधोमध, आणि माझ्याकडेच बघत म्हणाल्या, "भाऊजीले म्हनावं, जड आहे तो. एकट्यानं उचलू नका. त्यायच्या दादायले पाठवते."